रविवारचं पोतं

आमचे हुक्केरीकर अण्णा कुणाच्याही घरी गेले की पुढच्या दारानं आत शिरत आणि तसेच सरळ चालत मागच्या दारानं बाहेर पडत. मधल्या खोलीत बारसं चाललंय की साखरपुडा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. त्यांना परसातला खताचा खड्डा बघायचा असे. खड्ड्याच्या काठाशी ते उकिडवे बसत, वरचा थर बाजूला सारत, आतलं मूठभर खत काढून नाकाशी नेत आणि डोळे मिटत. मग निकाल. "सात-आठ महिन्यांचं आहे बघा. गाईला भुईमुगाची पेंड घालताय काय? घालताय की."

ही छप्पन-सत्तावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा बेंगळुरात, मल्लेश्वरममधल्या निम्म्या घरांमागे एखादी गाय बांधलेली असे, त्यामुळे अण्णांना बघण्यासारखं पुष्कळ होतं. आमच्या घरमालकांकडे एकदा सत्यनारायण होता. आरती झाली, प्रसाद झाला, पानं मांडली, आणि अण्णा कुठं दिसेनात. शेवटी मालक आणि मी मागं गेलो. इस्त्रीचं धोतर गुडघ्यापर्यंत खोचून अण्णा खड्ड्यात उतरले होते. मालकांनी अवघडून विचारलं, "पूजा कशी वाटली?" अण्णा म्हणाले, "पूजा छान झाली. खत त्याहून छान झालंय." रागवावं की आभार मानावेत हे मालकांना कळेना. त्यांनी हात धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला.

गल्लीतले कानडी शेजारी त्यांना 'गोब्बर अण्णा' म्हणत. गोब्बर म्हणजे खत. अण्णांना हे ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. रस्त्यावरून कुणी तशी हाक मारली तर ते सायकलवरून उतरून चौकशी करत.

मी त्या वेळी एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. वडील गेल्यावर आईला सांगलीहून आणलं आणि मल्लेश्वरममध्ये दोन खोल्या घेतल्या. आमच्या परसाच्या टोकाला एक कौलारू खोली होती, तीत अण्णा एकटे राहत. नळ सामायिक, अंगण सामायिक. पन्नाशीला आलेले, उंच, काटकुळे, सदऱ्याचे दोन्ही खिसे फुगलेले. खिशांत कागदाच्या पुड्या असत, कशात माती, कशात खत. धोबी त्यांचे कपडे घेण्याआधी खिसे उलटे करून झटकायचा आणि मगच कपडे मोजायचा.

माणूस मूळचा हुक्केरीकडचा. मराठी आणि कानडी दोन्ही त्यांच्या घरच्याच भाषा, आणि दोन्हींमध्ये सीमा अशी नव्हती. नोकरी शेतकी खात्याच्या प्रयोगशाळेत, माती तपासायची. त्यातही त्यांचा विषय एकच, तांबं. जमिनीतलं तांबं, खतातलं तांबं आणि पिकाला मिळणारं तांबं. "असणं वेगळं आणि मिळणं वेगळं," हे त्यांचं पालुपद. "जमिनीत तांबं आहे म्हणून रोपाला ते मिळतंय असं नाही हो." हे वाक्य ते कशालाही लावत. रेशनच्या दुकानातून रिकाम्या पिशवीनं परत आले की म्हणत, "साखर आहे. मिळत नाही." माझ्यासाठी आई मुली बघत होती आणि कुठं जमत नव्हतं, तेव्हा त्यांनी तिची समजूत घातली ती अशी, "अक्का, मुली आहेत की. मिळत नाहीत, एवढंच."

आई त्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. ते तिला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणत. तिनं मात्र त्यांना अण्णा म्हणायला बरेच महिने घेतले. खिशात शेणखत घेऊन हिंडणारा माणूस सांगलीला तिच्या पाहण्यात नव्हता.

एके दिवशी अण्णा हातगाडीवरून चिनी मातीच्या बरण्या घेऊन आले. लोणच्याच्या असतात तशा, पण तळाला भोक पाडलेल्या. एवढ्या बरण्या वाया घालवलेल्या बघून आईनं कुठल्या बरणीत कोणतं लोणचं मावलं असतं ते मला सांगितलं. अण्णांनी त्या परसात भिंतीकडेनं तीन रांगांत मांडल्या, त्यांत धुऊन धुऊन पांढरी केलेली वाळू भरली आणि गहू पेरला.

"बेंगळुरात गहू?" मी विचारलं. "इथं नाचणी लावतात ना?"

"नाचणी सोसते हो. गहू फार हळवा. तांबं मिळालं नाही की लगेच तोंड पाडतोय. प्रयोगाला असाच बोलका गडी पाहिजे."

मग त्यांनी नळाशी उभं राहून मला आणि आईला सगळं समजावलं. पिकाला तांबं लागतं ते अगदी कणभर, पण तेवढं नसलं तर कोवळ्या पानांची टोकं पांढरी पडतात, पिळवटतात, आणि ओंबी आली तरी आत दाणा भरत नाही. ते मोरचूद घालून देता येतं. मोरचूद म्हणजे तांब्याचाच निळा खडा. पण शेणखताबरोबर मोरचूद घातलं तर गंमत होते. खत तांब्याला धरून ठेवतं.

"घट्ट धरतंय बघा," अण्णांनी मूठ आवळून दाखवली. "पहिल्या पिकाला स्वल्पच सुटू देतंय. आमचे साहेब म्हणतात, झालं, खतामुळं तांबं कमी मिळतं, लिहा आणि मोकळे व्हा. मी म्हणतोय, पुढची दोन पिकं तरी बघू. धरलेलं ते हळूहळू सोडत असेल की. त्याशिवाय खताला नावं ठेवायची म्हणजे अन्याय आहे."

साहेबांना जागा दुसऱ्या प्रयोगासाठी हवी होती. म्हणून अण्णांनी प्रयोग घरी आणला होता. एका रांगेत मोरचूद, दुसरीत मोरचूद आणि शेणखत, तिसरीत दोन्ही नाही. बाकीचं खाणंपिणं सगळ्यांना सारखं, तेही मोजूनमापून. नळाचं पाणी चालत नसे, कारण त्यात काय मिसळलंय कोण जाणे. अण्णा प्रयोगशाळेतून ऊर्ध्वपातित पाण्याची काचेची बरणी सायकलला बांधून आणत. दारात नळ धो धो वाहत असताना हा माणूस मैलोन्‌मैल पाणी आणतो, हे आई सांगलीच्या बहिणीला पत्रातून कळवत असे.

तिसऱ्या रांगेतली रोपं अपेक्षेप्रमाणे आजारी पडली. पानांची टोकं पांढरी झाली, वळली. अण्णा रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून समाधानानं मान हलवत. आणि मग एका सकाळी ते तसेच बसून राहिले. त्या रांगेतल्या नव्या पानांची टोकं हिरवीगार होती.

पुढचे काही दिवस अण्णांना जेवण गोड लागेना. काचेची बरणी त्यांनी तीनतीनदा तपासली. वाळू तपासली. कौलांवरून काही ठिबकतंय का बघायला शिडी लावून वर चढले. कावळ्यांवर संशय घेतला. मला विचारलं, "आपटे, तुमच्या कारखान्याचा धूर इकडं येतोय काय?" कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता.

उलगडा आईनंच केला, आणि तोही विचारल्याशिवाय. सकाळी ती नळावर तांब्याचा बंब आणि घागर घासत होती. चिंच आणि मिठानं घासून तांबं लाल झळझळीत केलं, धुतलं, आणि ते हिरवट पाणी पातेल्यात धरून ती शांतपणे भिंतीकडे गेली. तिसऱ्या रांगेतल्या प्रत्येक बरणीत तिनं थोडंथोडं ओतलं. अण्णा दात घासत उभे होते. त्यांचा हात तोंडातच राहिला.

"अक्का, हे काय करताय?"

"पाणी घालतेय. तुमची ही रांग वाळायला लागली होती. तुम्ही एवढं पाणी आणता लांबून आणि यांच्याकडे बघतसुद्धा नाही. बघवेना मला."

"रोज घालताय?"

"रोज. बघा ना, कशी टवटवली आहेत."

अण्णा पायरीवर बसले. मला वाटलं आता काही खरं नाही. कित्येक महिन्यांचं काम आईनं चिंचेच्या पाण्यात बुडवलं होतं. पण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "अक्का, ती रोपं मी मुद्दाम उपाशी ठेवलीत."

"मुद्दाम?" आईनं पातेलं खाली ठेवलं. "का? त्यांनी काय केलंय?"

या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर अण्णांना नक्की येत होतं. ते त्यांनी दिलं नाही. बरण्यांकडे बघून म्हणाले, "होय की. त्यांनी काही केलं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी उपाशी रांग नव्यानं पेरली ती माझ्या खोलीच्या खिडकीखाली, आईची नजर पडू नये म्हणून. जुनी रांग आईला देऊन टाकली. "ही आता तुमची," म्हणाले, "काय घालायचं ते घाला."

त्या रांगेचा गहू निघाला मूठभर. आईनं तो जात्यावर भरडून त्याची पुरीएवढी एक पोळी केली आणि वर तुपाचा थेंब सोडून अण्णांच्या पुढं ठेवली. अण्णांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मग चार घासांत खाल्ली. "आजवर प्रयोगाचा निकाल कधी खाल्ला नव्हता," म्हणाले.

त्या दिवसापासून आई त्यांना अण्णा म्हणायला लागली आणि त्यांच्या जेवणाची काळजीही तिनं आपल्याकडे घेतली. ते खोलीत स्टोव्हवर भात आणि सार करत, आठवडाभर तेच. बायको लग्नानंतर वर्षादोनवर्षांतच विषमज्वरानं गेली होती, हे आईनं बोलता बोलता काढून घेतलं होतं. पुढं त्यांनी लग्न केलं नाही. गावी भाऊ होते, त्यांच्याकडे जाणं-येणं उरलं नव्हतं. आई म्हणाली, "रविवारी आमच्याकडे जेवत जा." अण्णा म्हणाले, "रविवार सोडून कधीही सांगा, अक्का. रविवारी मला काम असतंय."

रविवारचं काम आम्ही बघत होतोच. सकाळी ते सायकलच्या कॅरिअरवर खताचं पोतं बांधत, कलासीपाळ्याच्या स्टँडवर जात आणि पोतं टपावर टाकून आनेकलची बस धरत. परतायला संध्याकाळ होई. पोतं रिकामं, घडी घालून काखेत. पाऊस असो, ताप असो, दिवाळी असो, रविवार चुकत नसे. गल्लीत यावर बोललं जाई. आनेकलला गोब्बर अण्णांचं दुसरं घर आहे, अशी बातमी होती. आई अशा बोलण्यात भाग घेत नसे, पण रविवारी पोळ्या लाटता लाटता ती मधूनच विचारायची, "काय असेल रे तिकडे?"

एका शनिवारी अण्णांची कंबर धरली. रविवारी सकाळी ते पोत्यापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. आई खिडकीतून बघत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "आज हा येईल तुमच्याबरोबर. पोतं हा उचलेल." मला कुणी विचारलं नाही. अण्णा नको नको म्हणाले, पण दुसरा उपाय नव्हता.

आनेकलला उतरून आम्ही नाचणीच्या शेतांमधून चालत निघालो. पोतं माझ्या खांद्यावर. खत मुरलेलं होतं, वास असा फार नव्हता, पण माझा सदरा त्या दिवसापासून कामातून गेला. वाटेत मी विचारलं, "अण्णा, तिकडे कुणी आहे का तुमचं?"

"पुट्टम्मा आहे," ते म्हणाले. मग बरंच अंतर चालल्यावर पुढचं आलं. "मी खात्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. खेडोपाडी जाऊन फवारणी शिकवायचो. मोरचूद आणि चुन्याची. या पुट्टम्माच्या नवऱ्याची द्राक्षबाग होती. एक वर्ष पाऊस थांबेना, वेलांवर रोग आला. मी म्हटलं, आणखी मारा. तो म्हणाला, मेष्ट्रे, किती? मी म्हटलं, मारा हो, काही होत नाही. मग तो दर वर्षी तसंच मारत गेला. पिंप एका कोपऱ्यात ठेवलेलं, उरलेलं तिथंच ओतायचा. पुढं तो गेला. बाग म्हातारी झाली, वेल काढले. आणि त्या कोपऱ्यात काही पेरलं की उगवायचं आणि मरायचं. मुळं आखूड, काळपट. तांबं फार झालं होतं आपटे, मुळांना पोळत होतं. मी शिकवलेलं."

"म्हणून हे पोतं."

"खत धरून ठेवतंय की त्याला. जास्त झालेलं आवळून बसतंय, मुळांपर्यंत जाऊ देत नाही. साहेब ज्याला दोष म्हणतात ना, तोच इथं उपयोगाचा."

पुट्टम्मा दारातच उभी होती. अण्णांच्याच वयाची असेल, काळीसावळी, ठेंगणी, कपाळावर विभूती. माझ्या खांद्यावरचं पोतं आणि अण्णांचा कंबरेवरचा हात बघून तिनं आधी त्यांनाच झापलं, "कंबर दुखतेय तर यायचं कशाला, मेष्ट्रे?" मेष्ट्रे म्हणजे मास्तर. पंधरावीस वर्षांपूर्वी फवारणी शिकवायला आलेला माणूस तिच्या लेखी अजून मास्तरच होता. घरामागं शेत, आणि शेताच्या एका कोपऱ्यात दोन खाटा मावतील एवढा उघडा तुकडा. बाकी सगळीकडे नाचणी आणि मधूनमधून वाल, आणि तेवढाच तुकडा काळाभोर, मोकळा. मी पोतं तिथं ओतलं. अण्णांनी कंबर धरत, हातानं खत सारखं पसरलं, माती चिमटीत घेऊन हुंगली आणि म्हणाले, "अजून वेळ आहे." पुट्टम्मानं मान डोलावली. "असेल. घाई कुणाला आहे?"

गोठ्यात तिची गाय होती. गोठ्यामागं तिचा स्वतःचा खताचा खड्डा काठोकाठ भरलेला होता. तो मला दिसला, अण्णांनाही दर रविवारी दिसत असणार. मग बेंगळुराहून पोतं कशाला, हे मला कळेना.

अण्णा विहिरीवर हातपाय धुवायला गेले तेव्हा पुट्टम्मा मला म्हणाली, "कन्नडा बरतदा?" कन्नड येतं का. मी म्हटलं, स्वल्प. मग ती सावकाश, मला कळेल असं बोलली. तो तुकडा बरा होऊन खूप दिवस झाले होते. नाचणीचे सांडलेले दाणे तिथं आपोआप उगवतात, वालही उगवतो, चांगला जोमात. ती ते सगळं शनिवारी उपटून टाकते.

"का?" मी विचारलं.

तिनं विहिरीकडे पाहिलं. "मेष्ट्रेंना कोण आहे? जमीन बरी झाली म्हटलं तर ते यायचे थांबतील. मग रविवारी जेवतील कुठं?"

जेवायला मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे मोठे गोळे होते आणि हुलग्याचं पातळ सार. खोलीत सार-भातावर आठवडा काढणारे अण्णा तिथं दुसऱ्यांदा मागून जेवले. पुट्टम्मा वाढताना त्यांच्यावर खेकसत होती आणि ते मान खाली घालून ऐकत होते.

परतीच्या बसमध्ये मी रिकाम्या पोत्याची घडी पुन्हा पुन्हा घालत होतो. सांगावं की सांगू नये हे ठरत नव्हतं. अण्णा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तिनं सांगितलं काय तुम्हाला?"

"काय?"

"शनिवारी उपटते ते." ते माझ्याकडे वळले नाहीत. "बांधापलीकडे टाकते बघा. मी बघतोय की ती रोपं. पांढरीशुभ्र, लांब मुळं असतात. माती तपासायची गरजच नाही. तरी एकदा तपासली."

"मग तुम्ही सांगत का नाही?"

बस एका थांब्यावर थांबली, माणसं चढली, उतरली, बस निघाली. "माणसानं कुठंतरी जावं लागतंय की हो, आपटे," अण्णा म्हणाले.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं.  पुढं तिनं रविवारच्या जेवणाचा विषय काढला नाही. ती त्यांना गुरुवारी जेवायला बोलवायला लागली, आणि गल्लीत कुणी आनेकलच्या दुसऱ्या घराबद्दल बोललं की उठून आत जायला लागली.

बरण्यांतला प्रयोगही त्याच सुमारास पुरा झाला. तिसऱ्या पिकाला खताची रांग मोरचुदाच्या रांगेला मागं टाकून गेली. अण्णा भल्या सकाळी दोन ओंब्या घेऊन आईकडे आले. दोन्ही तिच्या तळहातावर ठेवून म्हणाले, "बघा, सोडलं की नाही?" आईनं दाणे दाबून पाहिले. "साहेबांना दाखवलं?" "दाखवलं की. छान म्हणाले." एवढ्यावर ते खूश होते.

अण्णांची कंबर पुढं बरी झाली, पण पोत्याला माझा खांदा लागलाच. महिन्यातून एखाद्या रविवारी मी जात असे. अशी तीन-चार वर्षं गेली असतील. साठ साल उलटलं होतं. पुट्टम्माचे गुडघे धरायला लागले होते, चालताना ती भिंतीचा आधार घ्यायची.

एका रविवारी आम्ही पोचलो आणि त्या तुकड्यावर हिरवी लव दिसली. बोटभर उंचीची नाचणी, तिच्यात वालाची दोनदोन पानं. पुट्टम्मा दारातून पुढं आलीच नाही. आतूनच मोठ्यांदा काहीतरी गाईला बोलत होती. अण्णांनी क्षणभर पाहिलं, पोतं उघडलं आणि रोपांच्या मधूनमधून, एकही न दबेल असं, चिमटीचिमटीनं खत घातलं. नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. जेवताना बोलणं झालं ते फक्त गाईच्या दुधाबद्दल.

पुढचा रविवार तसाच गेला, त्याच्या पुढचाही. रोपं वाढत होती आणि ही दोन माणसं त्यांच्याकडे बघत नव्हती. मी पुन्हा गेलो तेव्हा नाचणी गुडघ्याएवढी झाली होती आणि वालाचे वेल बांधावर चढले होते. न दिसण्याची सोय राहिली नव्हती. अण्णा पोतं घेऊन कडेला उभे राहिले. पसरायला जागाच नव्हती.

पुट्टम्मा भिंत धरत धरत आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"गुडघे वाकत नाहीत आता, मेष्ट्रे," ती म्हणाली. "उपटायला बसता येत नाही."

अण्णांनी वालाचं एक पान उलटं करून बघितलं. "छान आलंय," म्हणाले. 

"तुम्हाला माहीत होतं."

"होय."

"किती दिवस?"

"बरेच."

तिनं पोत्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "हे पोतं माझ्या खड्ड्यात टाका. आणि पुढच्या रविवारी रिकाम्या हातानं या. ऊटाला, नुसतं जेवायला या."

 आठवडाभर मी त्यांना उकिरड्याशी बसलेलं पाहिलं नाही. मला धाकधूक होती. निमित्त काढून घेतल्यावर हा माणूस जाईल का?

रविवारी सकाळी मागच्या दारी ते उभे होते. धुतलेला सदरा, खिसे सपाट. दोन्ही हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. एकदा मागं बांधले, एकदा पुढं.

"अक्का," ते म्हणाले, "नुसतं कसं जायचं हो?"

"नुसतं म्हणजे?"

"कामाशिवाय. कुणाच्या घरी."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातातलं काम टाकून ती आत गेली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. डब्यात आदल्या दिवशीचे बेसनाचे लाडू भरले. "चला," म्हणाली, "मलाही बघायचीय पुट्टम्मा."

आईला कानडी येत नव्हती आणि पुट्टम्माला मराठी. आई चुलीपाशी, पुट्टम्मा शेजारच्या उंच स्टुलावर, अशा त्या दोघी बोलत राहिल्या. एकमेकींचं काय कळत होतं देव जाणे, पण आई मुद्दे वळायला शिकली आणि पुट्टम्मानं लाडू फोडून आत काय घातलंय ते हुंगून बघितलं. माझं काम नाचणीचा मोठा गोळा संपवायचं होतं. जेवण झालं. एरवी या वेळी अण्णा पोत्याची घडी घालत असत, विहिरीकडे जात असत, शेतात एक फेरी मारत असत. त्या दिवशी त्यांना करायला काही नव्हतं. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळानं मान एका बाजूला कलली, मग ते हळूहळू घसरत आडवेच झाले आणि घोरायला लागले.

आई काहीतरी सांगून हसत होती. पुट्टम्मानं तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं आणि दाराकडे बोट केलं. मग हात टेकत उठली, आतून एक जुनी मऊ धाबळी आणली आणि भिंत धरत धरत ओसरीपर्यंत गेली. वाकता येत नव्हतं म्हणून धाबळी तिनं माझ्या हातात दिली.

"मेष्ट्रे इथं कधी झोपले नव्हते," ती कुजबुजली. "हळू घाल."